घरच्या ब्लॅककरंटचं काय काय करायचं: जॅम, जेली आणि फ्रीजर

आधी एक घोळ मिटवते. भारतात आइस्क्रीमच्या दुकानात ब्लॅककरंट म्हणून जे मिळतं त्यात बरेचदा चक्क काळे मनुके असतात, आणि इथे इंग्लंडात बेकिंगच्या शेल्फवर करंट्स म्हणून जे पाकीट दिसतं तीही सुकवलेली बारकी द्राक्षंच. मी बोलतेय ते झुडपाला लागणाऱ्या खऱ्या ब्लॅककरंटबद्दल. वाटाण्याएवढा काळा दाणा, एका टोकाला देठ, दुसऱ्या टोकाला वाळलेल्या फुलाचं तूस, कच्चा तोंडात टाकला तर एक डोळा आपोआप मिटतो इतका आंबट. झुडपाला नुसता हात लागला तरी पानांना एक उग्र वास येतो, मला तो आवडतो, आमच्या घरात बाकीच्यांचं म्हणणं की मांजर मुतून गेल्यासारखं वाटतं.

आम्ही यॉर्कशरमध्ये राहतो, काउन्सिलकडून (इथली नगरपालिका) भाड्याने घेतलेला अलॉटमेंटचा, म्हणजे फळं-भाज्या लावायच्या जमिनीचा, तुकडा आहे आणि त्यावर तीन झुडपं. दोन मी लावलेली बेन कॉनन जातीची, तिसरं आमच्या आधीच्या माणसाने लावलेलं म्हातारं झुडूप, त्याची जात कोणालाच माहीत नाही. चांगलं पोसलेलं एक झुडूप चार-साडेचार किलो फळ आरामात देतं, म्हणजे जुलैच्या आठ-दहा दिवसांत आमच्याकडे बारा किलोच्या आसपास माल येऊन पडतो आणि तेव्हा कळतं की एवढ्या आंबट फळाचं करायचं काय हे आधी ठरवलेलं बरं. दर वर्षी कोणीतरी ओळखीतलं फोन करून विचारतं, म्हणून यावेळी सगळं एकदाच लिहून टाकतेय.

पहिल्या वर्षी मी काय केलं ते आधी सांगते कारण बहुतेक लोक तेच करतात. स्ट्रॉबेरीच्या जॅमला फळं आणि साखर एकत्र करून रात्रभर ठेवतात ना, मी ब्लॅककरंटचंही तेच केलं, सकाळी मस्त रस सुटलेला, गॅसवर चढवलं, उकळलं, सेटही झालं, रंग तर असा की काय सांगू. आणि खायला घेतला तर आत छर्रे. प्रत्येक दाणा आक्रसून कडक झालेला, चावला की दाताखाली चामड्याचा तुकडा आल्यासारखं. तीन किलो जॅम. आईला फोनवर रडगाणं सांगितलं तर ती शांतपणे म्हणाली, "अगं साखरांब्याला फोडी आधी वाफवून घेतो ना आपण? साखरेत कधी काही शिजतं का?" आणि खरंच, आमटीत चिंच-गूळ डाळ शिजल्यावरच घालायचा हे शाळेत असल्यापासून माहीत असलेली मी, फळ इंग्लिश आहे म्हणून सगळं विसरले होते.

तर या फळाची मेख सालीत आहे. स्ट्रॉबेरी, रास्पबेरी मऊ असतात, त्यांना टणक साल नाही. ब्लॅककरंटची साल जाड असते आणि साखर तिच्यातलं पाणी ओढून घेते, मग ती जी कडक होते ती तासभर उकळलं तरी मऊ होत नाही. आधी पाण्यात शिजवायचं, पूर्ण मऊ करायचं, मग साखर. एवढं लक्षात ठेवलं तर बाकी हे फळ फार सोपं आहे, कारण यात पेक्टिनही (फळातला जो घटक जॅम घट्ट धरतो तो) भरपूर आणि आंबटपणाही भरपूर, बाजारचं पेक्टिन नको, लिंबू नको, ती पेक्टिन घातलेली महागडी जॅम शुगर तर अजिबात नको. साधी दाणेदार साखर घ्या. आपल्याकडे करवंदाचं असंच आहे, आंबट आणि पेक्टिनवालं, म्हणून करवंदाची जेली ज्यांनी केलीय त्यांना हे पटकन जमेल.

आता तोडणीपासून.

दाणे काळे झाले म्हणजे पिकले असं नाही, काळे झाल्यावर अजून पाच-सात दिवस झाडावर राहू द्यायचे, मग त्यात जरा गोडी येते. पण फार थांबलात तर ब्लॅकबर्ड पक्षी तुमच्या आधी येतात, जाळी टाकलेली असेल तरच थांबा. जाळी नीट ताणून खाली खोचायची, सैल राहिली तर पक्षी अडकतात. बेन नावाच्या ज्या नव्या जाती आहेत, बेन लोमंड, बेन सारेक, बेन कॉनन, बेन होप, त्या स्कॉटलंडमध्ये डंडीजवळच्या संशोधन केंद्रात तयार केलेल्या, स्कॉटलंडमध्ये बेन म्हणजे डोंगर आणि त्यावरूनच ही नावं दिलीत. यातल्या बहुतेकांचा एका घोसातला सगळा माल साधारण एकदम पिकतो म्हणून अख्खा घोस कात्रीने कापून घेता येतो. म्हाताऱ्या झुडपाचं तसं नाही, त्याच्या घोसाचा वरचा दाणा आधी पिकतो आणि शेपटीचे दाणे हिरवेच, त्यामुळे तिथे दोन-तीन फेऱ्या आणि एकेक दाणा वेचणं.

कोरड्या दिवशीच तोडा. यॉर्कशरमध्ये राहून हे लिहिताना मला हसू येतंय, पण खरंच, ओलं फळ दुसऱ्या दिवशी बुरशी धरतं, आणि जॅममध्ये जास्तीचं पाणी जातं ते वेगळंच. पाऊस पडून गेला असेल तर दुपारपर्यंत थांबा. जॅम आणि जेलीसाठी थोडे अर्धवट पिकलेले, तांबूस दाणे मुद्दाम येऊ द्यायचे कारण त्यांच्यात पेक्टिन जास्त. अति पिकून मऊ पडलेले बाजूला काढून त्याच दिवशी खाऊन टाका.

एक युक्ती मला शेजारच्या प्लॉटवरच्या आजोबांनी दाखवली. ब्लॅककरंट मुख्यतः गेल्या वर्षी वाढलेल्या फांद्यांवर येतं, म्हणून दर वर्षी जुन्या जाड काळपट फांद्यांपैकी साधारण एक तृतीयांश बुडापासून कापायच्याच असतात. मग ती छाटणी हिवाळ्यात करण्याऐवजी तोडणीच्या वेळीच करायची, फळं लगडलेली फांदीच कापायची आणि खुर्चीत बसून, चहा पीत पीत मांडीवर घेऊन फळं काढायची. कंबर वाचते. माझ्या गेल्या दोन वर्षांच्या तोडणीतला अर्धा माल असाच आलाय.

घरी आणल्यावर लगेच धुवू नका. घोसासकट, उथळ डब्यात पसरून फ्रिजमध्ये ठेवलेत तर चार-पाच दिवस छान राहतात, देठ काढले की मात्र लवकर पाणी सुटतं. म्हणजे वेळ नसेल तर देठासकट ठेवायचे आणि ज्या दिवशी करायचं त्याच दिवशी निवडायचे.

निवडायचं कसं, तर काट्याने. घोस वरच्या टोकाला धरायचा, जेवायच्या काट्याच्या दातांमध्ये देठ अडकवायचा आणि वरून खाली ओढायचा, टपटप दाणे पातेल्यात पडतात. दुसऱ्या टोकाला ते वाळलेलं तूस असतं, इथल्या जुन्या पुस्तकांत तेही नखाने काढा असं लिहिलेलं असतं. मी एकदा दोन किलोचं काढलं, अडीच तास गेले आणि पुढचे चार दिवस नखं जांभळी. शिजल्यावर ते कळतही नाही. जॅमला देठ काढा, तुसाला हात लावू नका. जेलीला तर देठही काढायचे नाहीत, ते पुढे येईलच. आणि जुना टी-शर्ट घाला, हा डाग जांभळाच्या डागाचा थोरला भाऊ आहे.

जॅमचं प्रमाण मी जे वापरते ते जुनं इंग्लिश प्रमाण आहे, १ किलो निवडलेली फळं, ७५० मिली पाणी, दीड किलो साखर. साखर वाचून दचकू नका. एवढं आंबट फळ आणि एवढं पेक्टिन असल्यामुळे ते एवढी साखर पेलतं, आणि साखर ६० टक्क्यांच्या आसपास असली की जॅम बाहेर कपाटात वर्षभर टिकतो. याचा साधारण अडीच किलो जॅम होतो, ४५० ग्रॅमच्या पाच बरण्या आणि एक अर्धवट, ती अर्धवट बरणी फ्रिजमध्ये ठेवून आधी संपवायची. कमी गोड हवा असेल तर किलोला किलो साखर आणि पाणी ५०० मिली घ्या, सेट तोही होतो, पण तो फ्रिजमध्ये ठेवा कारण साखर कमी तेवढी बुरशी लवकर.

पातेलं स्टीलचं, जाड बुडाचं, आणि मोठं. सगळं घातल्यावर अर्ध्याच्या वर जाता कामा नये, उकळताना जॅम दुपटीने फुगतो आणि शेगडीवर आला तर ती साफ करण्यात रविवार जातो. अल्युमिनियमचं पातेलं वापरू नका, आंबट फळ त्याला खातं आणि चव धातूसारखी येते. तुमच्याकडे आईने सुटकेसमधून पाठवलेली हिंडालियमची कढई असेल तर ती भाजीलाच ठेवा.

फळं धुवून पाण्यात घालायची, मंद आचेवर चढवायची, झाकण नाही. आधी पाणी गुलाबी, मग वाइनसारखं, मग पार काळं होतं. दाणे एकेक करून फुटतात, बारीक आवाज येतो. वीस मिनिटं तर लागतातच, साल जाड असेल तर चाळीसही लागतात, घड्याळ बघू नका, दाणा बघा. चमच्यावर एक दाणा काढायचा, फुंकून गार करायचा आणि अंगठा-तर्जनीत धरून दाबायचा. साल चुरडून बोटावर लगदा झाला पाहिजे. नुसता गर पुचकन बाहेर आला आणि साल फुग्यासारखी बोटात उरली तर अजून झालं नाही, झाकू नका, परत शिजवा. तोपर्यंत पातेल्यातलं सगळं मिळून साधारण एक तृतीयांश आटलेलं असतं. या एका टप्प्यावर घाई केली की सगळं गेलं, मी सांगतेय ना, तीन किलो छर्रे खाल्लेत आम्ही, ब्रेडला लावून, मार्चपर्यंत.

साल मऊ झाली की साखर. त्याआधी साखर एका ट्रेमध्ये पसरून ओव्हनमध्ये १०० डिग्रीवर दहा-पंधरा मिनिटं कोमट करून घेतली तर लवकर विरघळते आणि पातेल्यातलं गार पडत नाही, पण नाही केली तरी चालतं, मी निम्म्या वेळा विसरते. गॅस अगदी बारीक करून, ढवळत, दाणा न दाणा विरघळेपर्यंत थांबायचं. चमच्याच्या मागच्या बाजूला खरखर लागत नाही ना बघा. विरघळायच्या आत उकळी आली तर पुढे बरणीत साखर परत खडे धरते.

मग गॅस फुल. आता ढवळायचं नाही, मधून मधून फक्त तळ लागत नाही ना बघण्यापुरता चमचा फिरवायचा. उकळी अशी पाहिजे की ढवळलं तरी बसत नाही. ब्लॅककरंटला पाच ते दहा मिनिटं पुरतात, म्हणून पाचव्या मिनिटापासून तपासायला लागा. इथे मात्र जास्त उकळणं हा गुन्हा आहे, दोन-तीन मिनिटं जास्त झाली की पेक्टिन एवढं की सुरी उभी राहील असा गोळा होतो.

सेट झालंय का हे बघायला आपला हात आपोआप तार बघायला जातो, एकतारी, दोनतारी. इथे तार बघू नका. तार ही साखरेच्या पाकाची परीक्षा, जॅम पेक्टिनने धरतो, तार येईपर्यंत थांबलात तर टॉफी होईल. सुरुवातीलाच दोन-तीन बशा फ्रीजरमध्ये टाकून ठेवा. तपासताना गॅस बंद करायचा, नाहीतर तुम्ही बशी बघत बसता आणि तिकडे जॅम पुढे जातो. गार बशीवर अर्धा चमचा जॅम, एक मिनिट थांबायचं, मग बोटाने हळूच ढकलायचं. वर साय आल्यासारख्या सुरकुत्या पडल्या आणि बोट फिरवलेली वाट पुन्हा मिटली नाही तर झालं. पाणी होऊन वाट मिटली तर परत गॅस, अजून दोन मिनिटं, दुसरी बशी. आणि गरम चमचा चाटायचा मोह आवरा, उकळत्या पाण्यापेक्षा हे जास्त तापलेलं असतं आणि चिकटतं.

थर्मामीटर असेल तर १०४.५ ते १०५ डिग्री. पण हा आकडा समुद्रसपाटीचा आहे. माझी वहिनी पुण्यात करवंदाचा जॅम करत होती, इंग्लिश रेसिपी, नवा थर्मामीटर, १०५ होईपर्यंत उकळत राहिली आणि झालं काय तर दगड. पुणं साडेपाचशे मीटरवर आहे, तिथे पाणीच ९८ च्या आसपास उकळतं. त्यामुळे आधी नुसतं पाणी उकळून त्यात थर्मामीटर बुडवून बघायचा आणि जो आकडा येईल त्यात साडेचार मिळवायचे, महाबळेश्वरला असाल तर अजून खाली येईल. बशी मात्र सगळीकडे सारखीच चालते.

वर जो गुलाबी फेस येतो, आपण पाकाची मळी म्हणतो तसा, तो उकळताना काढत बसू नका, शेवटी गॅस बंद केल्यावर लोण्याचा सुपारीएवढा गोळा टाकून ढवळलं की बराचसा नाहीसा होतो. उरलेला चमच्याने काढून वाटीत ठेवा, पोरं पोळीला लावून खातात. मग दहा मिनिटं तसंच राहू द्या म्हणजे दाणे सगळे वर न तरंगता सारखे पसरतात, आणि भरा.

बरण्यांचं थोडक्यात. साबणाच्या गरम पाण्याने धुवून, खळबळून, ओल्याच ओव्हनमध्ये, आडव्या नव्हे, उभ्या, १४० डिग्रीला पंधरा मिनिटं. झाकणं पाण्यात उकळून, पूर्ण कोरडी करून. गरम बरणीत गरम जॅम, वर अर्धा सेंटिमीटर जागा सोडून, काठ पुसून लगेच झाकण घट्ट. कोमट असताना झाकण लावलं तर आत वाफ धरते आणि त्या थेंबांवर बुरशी येते, एकतर कढत असताना लावा नाहीतर पूर्ण गार झाल्यावर. आणि एक खास आपल्या लोकांसाठी: लोणच्याच्या बरणीचं झाकण वापरू नका. काच धुतली जाते, झाकणाच्या आतलं ते रबर हिंग आणि मेथी वर्षानुवर्षं लक्षात ठेवतं. मी एकदा इथल्या शेजारणीला ख्रिसमसला अशी बरणी दिली होती, ती म्हणाली इंटरेस्टिंग आहे.

जेली मला जॅमपेक्षा जास्त आवडते, कारण निवडायचं काही नाही. ज्या दिवशी माल जास्त आणि माणसं कमी त्या दिवशी जेली. घोस देठासकट धुवून पातेल्यात, १ किलोला ६०० मिली पाणी, पाऊण तास ते तासभर मंद शिजवायचं आणि मधून मधून बटाटा कुस्करायच्या मॅशरने ठेचायचं. पार लगदा झाला पाहिजे.

मग ते टांगायचं, श्रीखंडाचा चक्का टांगतो तसं. इथे जेली बॅग विकत मिळते, मी जुनं मलमलचं फडकं वापरते, आधी उकळत्या पाण्यात बुडवून पिळून घेतलेलं. स्टूल उलटं करून ओट्यावर ठेवायचं, चार पायांना फडक्याची चार टोकं बांधायची, खाली मोठं भांडं, वरून लगदा ओतायचा, आणि मग तिथून निघून जायचं. मी निघून जायचं म्हणतेय कारण समोर राहिलात की हात शिवशिवतात. चक्का आपण पिळतो, वर पाटा ठेवतो. इथे पिळलंत की लगद्याचे बारीक कण रसात उतरतात आणि जेली गढूळ होते, चव तीच पण उजेडात धरली की माणकासारखी लकाकत नाही. रात्री टांगा, सकाळी बघा. माझ्याकडे एकदा पाहुणे आलेल्या काकूंनी मी झोपल्यावर "एवढा रस वाया जातोय" म्हणून सगळं फडकं व्यवस्थित पिळून ठेवलं होतं, त्या वर्षीची जेली दिसायला कोकमाच्या आगळासारखी झाली. काकूंना काय बोलणार.

काकूंचं एका अर्थी बरोबर होतं म्हणा, रस उरतो खरा. ब्लॅककरंटमध्ये पेक्टिन एवढं असतं की त्याचं दुसरं पाणी काढता येतं, नारळाचं दुसरं दूध काढतो तसंच. पहिला रस गळून झाला की चोथा परत पातेल्यात, ३०० मिली पाणी, अर्धा तास शिजवून परत टांगायचा, आणि दोन्ही रस एकत्र. पिळायची गरजच पडत नाही. नंतरचा चोथा कंपोस्टला.

रस मोजायचा, प्रत्येक लिटरला ७५० ग्रॅम साखर. रस आधी गरम, मग साखर, विरघळेपर्यंत मंद, मग जोरात उकळी, पाच-सात मिनिटांनी बशी. पुढे जॅमपेक्षा फरक एवढाच की जेली थांबत नाही, दहा मिनिटं ठेवलंत तर पातेल्यातच धरायला लागते. म्हणून मळी पटकन काढून लगेच बरण्या भरा, बरणी जराशी तिरकी धरून कडेने ओता म्हणजे हवेचे बुडबुडे अडकत नाहीत, आणि मग दुसऱ्या दिवसापर्यंत हलवून "लागली का, लागली का" बघू नका. टोस्टवर तर छानच, पण मटणाच्या रोस्टबरोबर आणि, माझ्या नवऱ्याच्या शोधाप्रमाणे, थालीपीठ आणि लोण्याबरोबर.

आता फ्रीजर, आणि खरं सांगायचं तर जुलैतल्या गडबडीत मी निम्म्याहून जास्त माल आधी तिकडेच टाकते. हे फळ फ्रीजरला फार छान आहे, स्ट्रॉबेरीसारखं चिखल होत नाही. देठ काढायचे नाहीत! कोरडे घोस, म्हणजे शक्यतो न धुतलेले, फवारणी न केलेल्या घरच्या झाडाचे असतील तर धुणं वापरायच्या वेळी, आणि धुतलेच तर टॉवेलवर पसरून पूर्ण वाळवून, एका ट्रेमध्ये एका थरात पसरायचे आणि रात्रभर फ्रीजरमध्ये उघडे ठेवायचे. सकाळी गारगोट्या झालेल्या असतात. त्या जाड पिशवीत भरायच्या आणि पिशवी बाहेरून चोळायची, रगडायची, दोन मिनिटं. गोठलेले देठ काडीसारखे कटाकट मोडतात आणि दाणे सुटे होतात. मग मी ते सगळं ट्रेमध्ये ओतून मागच्या दारात उभी राहून चक्क पाखडते, सुपात तांदूळ पाखडतो तसं, देठ हलके म्हणून पुढे उडतात, दाणे मागे राहतात. ज्या काट्याच्या कामाला संध्याकाळ जाते ते पाच मिनिटांत. फक्त हात चालवा, दाणे ओलसर व्हायला लागले की देठ चिकटतात, तसं झालं तर परत अर्धा तास फ्रीजरमध्ये. पाखडायला दारात उभं राहायचं नसेल तर पंख्यासमोरही जमतं, पण देठ मग कुठे कुठे सापडतात ते मला विचारू नका.

पिशव्या किलो-किलोच्या मापाने भरा, वजन आणि तारीख लिहा. तुम्हाला वाटतं लक्षात राहील, नाही राहत, आणि डिसेंबरमध्ये गोठलेल्या ब्लॅककरंटची, जांभळाची आणि ब्लूबेरीची पिशवी सारखीच दिसते. हवा दाबून काढून बंद करायच्या, उणे १८ ला वर्षभर चांगल्या राहतात.

थोडा माल मी शिजवून, गाळून, बिनसाखरेचा गर करून बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवते. दोन खडे लस्सीत, तीन खडे वाटीभर श्रीखंडात आंब्याऐवजी, आंबटपणा एवढा असतो की श्रीखंडाची साखर थोडी वाढवावी लागते. क जीवनसत्त्व यात भरपूर, १०० ग्रॅमला साधारण १८० मिलिग्रॅम, संत्र्याच्या तिप्पट. दुसऱ्या महायुद्धात जहाजांतून संत्री येईनात तेव्हा इथे सरकारने लोकांना ब्लॅककरंट लावायला सांगितलं आणि लहान मुलांना त्याचं सरबत फुकट वाटलं, रायबीना हे इथलं ब्लॅककरंटचं प्रसिद्ध सरबत युद्धाच्या जरा आधीचं, १९३८ सालचं, नाव आलंय रायबीझ नायग्रम या झाडाच्या शास्त्रीय नावावरून. अमेरिकेतल्या माझ्या चुलतबहिणीला मात्र हे फळ माहीतच नव्हतं, कारण तिकडे पाइनच्या झाडांना रोग पसरवतं म्हणून विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्याच्यावर बंदी आली, देशपातळीवरची १९६६ ला उठली पण न्यूयॉर्क राज्याने २००३ ला उठवली, आणि काही राज्यांत अजूनही निर्बंध आहेत. तिकडे लावायचं असेल तर आधी आपल्या राज्याचा नियम बघा.

फ्रीजरमधल्या फळाचा जॅम करताना दोन गोष्टी. वितळवू नका, गोठलेले दाणे थेट पातेल्यात पाण्याबरोबर घाला, वितळवत बसलात तर रस आधी सुटून जातो आणि साल एकटी मागे राहते. आणि गोठवल्यावर पेक्टिन थोडं कमी होतं, म्हणून फळ दहा टक्के जास्त घ्या, म्हणजे किलोच्या जागी अकराशे ग्रॅम, साखर-पाणी तेवढंच. त्यामुळे मी हल्ली पिशव्याच ११०० ग्रॅमच्या भरते आणि वर मार्करने "जॅम" असं लिहून ठेवते. जानेवारीत एखाद्या शनिवारी बाहेर साडेतीनला अंधार पडायला लागला की एक काढायची.